मागचं डावं चाक

भाऊजी,

तुम्ही गेलात तेव्हा डॉक्टरबाईंची गाडी जॅकवर होती. मागचं डावं चाक तुम्ही पुरं केलेलं, उजवं उघडं. उजवीकडचा कॅलिपर काढून तारेच्या आकड्याला टांगून ठेवलेला, नवी डिस्क खोक्यात, तेलकट कागदात तशीच गुंडाळलेली. खाली फडक्यावर पाने ओळीनं मांडलेले, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. घरी जाऊन जेवलात आणि शैलाला म्हणालात, जरा पडतो, तीनला उठव. तीनला ती उठवायला आली.

मी देवळ्याला होते. भाचीची हळद होती. मांडवात मागच्या खुर्चीवर बसून मी बायकांच्या साड्या बघत होते आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. ते भांडण अजून माझ्याकडेच आहे.

काल तुमचा तेरावा झाला, आज सकाळी मी शटर वर केलं. आज दिवसभरात जे झालं ते तुम्हाला सांगायला बसले आहे. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी डिस्क म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते. तशी ती इथंही थोडी करते, कारण हे शैला वाचणार आहे, आणि एवढी वर्षं तुमच्याशी संसार करून तिला पॅड कुठला नि डिस्क कुठली हे माहीत नाही. तर शैला, चाकाबरोबर फिरतं ते लोखंडी ताट म्हणजे डिस्क. त्या ताटाला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात ते पॅड. आणि ती चिमटी ज्याच्या मुठीत असते तो कॅलिपर. एवढं पुरे.

भाऊजी, आपलं भांडण जुनंच. मागची दोन चाकं म्हणजे एक जोडी, आणि एका जोडीला एकच हात लागला पाहिजे, हा तुमचा नियम. डॉक्टरबाईंची ती उंच काळी परदेशी गाडी आली, आत बसलं की एखाद्याच्या बैठकीत बसल्यासारखं वाटतं ती. मागचे पॅड पार घासून लोखंड लोखंडाला लागलेलं, डिस्कवर नांगरट केल्यासारखे चरे. मी म्हणाले, "डावी तुम्ही घ्या, उजवी मी घेते. दुपारपर्यंत मोकळे होऊ."

"नाय."

"का नाय?"

"एका जोडीला एक हात."

"पुढची जोडी मी एकटीनं केलेली चालते. मागची तुमच्याबरोबर केलेली चालत नाही?"

"तुमचा हात चांगलाय वहिनी. माझाबी चांगलाय. पण दोन चांगले हात सारखे नसतात. मग थांबताना गाडी एकाचंच ऐकती, त्या अंगाला ओढती."

"आम्ही दोघी जावा एका तव्यावर भाकरी करतो तेव्हा कुठं जातो तुमचा नियम?"

"खाताना कळतंय ना कुठली कुणाची."

आणि हसलात. कुणाची जाड असते ते तुम्ही बोलला नाहीत. शैला, मीही बोलत नाही.

मग मी देवळ्याची पिशवी उचलली आणि शटरजवळून सांगितलं, "परवा मी आले की उजवी मी करणार. उघडून ठेवा."

तुम्ही गाडीखाली होतात. खालूनच म्हणालात, "बघू."

उजवी तुम्ही उघडून ठेवलीत, भाऊजी. आता ती माझ्यासाठी उघडून ठेवली होती, की जेवून येऊन तुम्हीच करणार होतात, हे मला कोण सांगणार? तेरा दिवस मी याच एका गोष्टीवर आहे. घरात बायका येत होत्या, रडत होत्या, मीही त्यांच्यात बसून रडत होते, आणि मधेच डोक्यात येत होतं, "बघू" म्हणताना आवाज कसा होता? तुम्ही "बघू" दोन प्रकारे म्हणायचात. एक म्हणजे हो, दुसरा म्हणजे नाही. पण गाडीखालून दोन्ही सारखेच ऐकू येतात.

माझे मालक, तुमचे दादा, गेले त्याला एकवीस वर्षं झाली. त्यांच्या पंधराव्या दिवशी तुम्ही माझ्या दारात उभे होतात. आत नाही आलात. म्हणालात, "वहिनी, घरात भिंतीकडं बघत बसता, गॅरेजात नटाकडं बघा. लय नट एकत्र झालेत, आकारानं लावून द्या." मला वाटलं दोन दिवसांचं काम. एक पिंप लावून झालं की तुम्ही दुसरं ओतायचात. दुसरं झालं की तिसरं. कितीतरी महिन्यांनी मला कळलं, मी दिवसभर वेगळे केलेले नट संध्याकाळी तुम्ही परत एकत्र करत होतात. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हाला दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं, आणि खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात.

नटांवरून मी भाग धुण्यावर आले, धुण्यावरून ब्रेकवर. शिकवलं असं तुम्ही काही नाही. "बघा" म्हणायचात. मी बघायचे. चुकलं की "परत बघा."

आणि ती पहिली खंडेनवमी. हत्यारं धुऊन पाटावर मांडली होती. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या गाडीला बसवायच्या दोन नव्या डिस्कसुद्धा पाटावर, ताम्हनासारख्या चकचकीत. सासूबाई खुर्चीत. शैला नवी नवरी, आरतीचं ताट घेऊन पाटापुढं. मी मागं पाण्याच्या पिंपाजवळ, जिथं मी उभं राहायचं तिथं. तुम्ही शैलाच्या हातातलं ताट घेतलंत आणि सरळ माझ्याकडं आलात. "वहिनी, पूजा तुम्ही करा."

सासूबाई म्हणाल्या, "दत्ता, शुभ दिवस आहे."

"म्हणूनच."

शैला हळूच म्हणाली, "अहो, लोक काय म्हणतील?" पण पत्र्याच्या शेडमध्ये हळू बोललेलं काही हळू राहत नाही.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "यांनी धुतलेल्या ब्रेकवर लोक पोरंबाळं घेऊन घाट उतरतात. मग यांच्या हातच्या कुंकवाला काय होतंय?"

मी ताट घेतलं. आधी समईची वात पुढं केली, बोटाला तेल तसंच राहिलं, आणि त्याच बोटानं मी कुंकू लावत सुटले. पान्यांना, हातोडीला, जॅकला. आणि त्या दोन डिस्कना तर काठाकाठानं, जेवणाच्या ताटाभोवती रांगोळी घालावी तसे ठिपकेच ठिपके. पॅड नेमका तिथंच घासतो आणि त्याला तेलाचं बोटसुद्धा चालत नाही, हे मला कुठं माहीत. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही हात जोडून उभे होतात.

पुढच्या वेळी नवी डिस्क आली तेव्हा मी आपली कुंकवाची डबी घेऊन तयार. तुम्ही पान्याच्या टोकानं डिस्कचा मधला उंचवटा दाखवलात, ज्यावर चाक येऊन बसतं. "वहिनी, इथं लावत जा. काठाला पॅड लागतो."

"मग खंडेनवमीला काठाला लावलं होतं ते?"

"ती गाडी जरा लाजत होती दोन दिवस. आता बरी आहे."

पुढं कधीतरी शेडमागच्या भंगारात मला पॅडची एक कोरी जोडी सापडली, लालसर, तेल प्यायलेली. सणाच्या दिवशी एकट्यानं बसून तुम्ही सगळं परत उघडलं होतं, डिस्क धुतल्या होत्या, नवे पॅड घातले होते. मी ती जोडी होती तिथं ठेवली आणि काही बोलले नाही. आज बोलते. भाऊजी, मला ते माहीत होतं.

तेव्हापासून आपल्याकडून गेलेल्या प्रत्येक नव्या डिस्कच्या मधोमध कुंकवाचा एक ठिपका आहे. वरून चाक बसतं, कुणाला दिसत नाही. अर्ध्या नाशकातून माझं कुंकू फिरतंय आणि गाडीवाल्यांना पत्ता नाही. तुम्ही डबीला कधी हात लावला नाहीत. मी गावाला गेलेली असले तर डिस्क थांबायची, पण डबी नाही उघडली. "ते खातं वहिनींचं," म्हणायचात.

आणि आपल्या ट्रायली. ब्रेक बसवले की ट्रायलला घरचं माणूस शेजारी बसवायचं, हाही तुमचाच नियम. "घरचं माणूस गाडीत असलं की नट दोनदा बघितला जातो." त्र्यंबक रोडला महिरावणीच्या पुढं रस्ता मोकळा झाला की वेग वाढवायचात, मग दाबत दाबत कमी करायचात, परत वाढवायचात. सात-आठ वेळा. "नव्या पॅडची नि डिस्कची ओळख करून द्यावी लागती वहिनी, एकदम मिठी मारायला लावायची नाय." मग तो करपट वास यायचा, नव्या पॅडचा. तुमच्या डोळ्यांना लागायचा, मला आवडायचा. ब्रेक गार होईपर्यंत टपरीवर चहा. तुम्ही गाडीबद्दल बोलायचात, मी जगाबद्दल. परत येताना शेवटचा उतार, तिथं एकदा पूर्ण दाबायचा आणि स्टिअरिंगवरचे हात सैल सोडायचे, गाडी सरळ थांबते का बघायला.

मी एकदा म्हणालेही, "तुम्हाला स्कॅनर लावून गाडीशी बोलता येतं. घरात बायकोशी बोलायचं म्हटलं की बॅटरी उतरते."

"म्हणून तर तुम्हाला ट्रायलला आणतो. माझ्या वाटचं तुम्ही बोलता."

पुढच्या जोडीचं काम मी करायचे तरी गाडी तुम्हीच चालवायचात, कारण मला गाडी येत नव्हती. वीस वेळा म्हणाला असाल, "वहिनी, शिका की. नुसतं शेजारी बसून किती दिवस?" मी म्हणायचे, या वयात हात वळत नाहीत.

तर आता ऐका. चार वर्षांपूर्वी मी महिनाभर सकाळी काकड आरतीला जात होते, आठवतं? मी आरतीला जात नव्हते. मी गाडी शिकत होते. लायसन्स माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी किल्ली हातात देऊन म्हणाला असतात, "तुमचं काम, तुमची ट्रायल." आणि मी एकटी त्र्यंबक रोडला गेले असते. मला त्र्यंबक रोड नको होता. मला ती डाव्या बाजूची सीट हवी होती, आणि शेजारी कुणीतरी ऐकून घेणारं. एवढंच होतं ते. पण चार वर्षं लपवलं.

आता आजचं.

शटर उघडल्यावर पहिल्यांदा मी बॅटरीला चार्जर लावला. तेरा दिवसांत ती पार उतरली होती. या गाडीला हँडब्रेकची दांडी नाही, मागच्या कॅलिपरवरच छोट्या मोटरी आहेत. त्यांना स्कॅनरनं आधी सांगायचं, मागं सरा, काम आहे. न सांगता पॅड ढकलणारा पिस्टन मागं दाबला तर आतले दात मोडतात, ते आपण एकदा करून बसलोय. बॅटरीच नाही तर स्कॅनर सांगणार कुणाला?

दहाच्या सुमारास डॉक्टरबाई आल्या. तेरा दिवसांत त्यांनी एकही फोन केला नव्हता. माझा हात धरला. मग म्हणाल्या, "काकू, मी गाडी उचलून कंपनीच्या वर्कशॉपला नेते. तुम्हाला आत्ता हा व्याप नको."

"ते काय करतील?"

"ते म्हणाले, अर्धवट काम असेल तर दोन्ही बाजू उघडून पहिल्यापासून करू."

दोन्ही बाजू म्हणजे तुमची डावीपण. कुणीतरी परका तुमचं शेवटचं काम खोलून बाजूला टाकणार. मी म्हणाले, "मला आजचा दिवस द्या."

त्यांनी उघड्या चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काकू, या गाडीत माझी आई बसते."

"म्हणूनच."

त्या गेल्या आणि मी स्टुलावर बसले. द्या म्हणाले खरी, पण करायचं काय? उजवी बाजू मी केली की एका जोडीला दोन हात लागणार. तुमचा नियम पाळायचा तर दोन्ही बाजू मलाच करायला हव्यात. म्हणजे त्या वर्कशॉपवाल्यानं जे केलं असतं तेच मी करायचं. तुमच्या हातचं शेवटचं काम, माझ्या हातानं सोडायचं. कितीतरी वेळ मी त्या डाव्या चाकाकडे बघत बसले. शेवटी त्या म्हाताऱ्या आईचं तोंड डोळ्यांपुढं आलं. मी उठले. नियम तर नियम, म्हटलं. पाचही बोल्ट सैल केले, चाकाखाली पहार सरकवून चाक खाली घेतलं, तुम्ही दाखवलं होतं तसं, कंबरेवर भार न येता.

डिस्कच्या मधोमध कुंकू होतं.

ठिपका नव्हता. अख्खा अंगठा होता. तुमचा. रेघन् रेघ उठलेली, आणि त्यातून गेलेली ती आडवी चीर, पंख्याचं पातं लागलं होतं तेव्हाची. एवढ्या वर्षांत डबीला हात न लावलेला माणूस, त्या दिवशी मी नव्हते म्हणून स्वतः उठून डबीच्या कोनाड्यापर्यंत गेला होता. किती लावायचं तेही कळलेलं नाही, पोस्टात सही येत नाही म्हणून अंगठा उठवावा तसा उठवलेला.

मी खाली बसले. हात पुसले. मग पाना घेऊन कॅलिपरचा एकेक बोल्ट तपासला. एकही तसूभर हलला नाही. पॅड दोन्हीकडे सारखे, पिनांना ग्रीस बेताचं, डिस्कवर तेलाचा डाग नाही. हे सोडून मी काय चांगलं करणार होते? मी चाक परत चढवलं. त्या अंगठ्यावर चाक बसताना एवढंच म्हणाले, भाऊजी, तुमचा नियम मोडते. रागवायचं तर रागवा.

मग उजवी घेतली. जुनी डिस्क गंजानं धरून बसली होती, हातोडीनं गोल गोल ठोकून सुटली. ब्रशनं सगळं घासलं. नवी डिस्क स्प्रेनं दोनदा धुतली. ती बसवतच होते तेवढ्यात शटरमध्ये सावली आली. शैला. डोक्यावरून पदर, हातात डबा.

"भांडी तरी किती वेळा घासायची, ताई," म्हणाली. "म्हटलं तुम्ही काय खाल्लं नसेल."

तिचं कपाळ मोकळं होतं. भाऊजी, मला तुम्हाला एक सांगायचं आहे, आणि हे सांगायला मला लायसन्सपेक्षा जड जातंय. त्या दिवशी बायकांनी तिचं कुंकू पुसलं तेव्हा मी तिथंच होते. तिनं माझ्याकडे बघितलं होतं. मी काही बोलले नाही. तुम्ही माझ्यासाठी सासूबाईंपुढं बोललात, आणि मी तुमच्या बायकोसाठी चार शेजारणींपुढं बोलू शकले नाही. तेरा दिवस मला झोप का नव्हती, त्यातलं अर्धं हे आहे.

मी कोनाड्यातली डबी काढली, उघडली, आणि तिच्यापुढं धरली.

ती डबीकडं बघत राहिली. म्हणाली, "मी?"

"तू."

"ताई, त्या वेळी मीच म्हणाले होते, लोक काय..."

"माहीत आहे. ऐकू आलं होतं. हात धुऊन ये, तेलाचा नको."

ती पिंपावर गेली, हात धुतले, पदराला कोरडे केले. डिस्कपुढं उकिडवी बसली. बोट डबीत घातलं आणि थांबली. "मधेच ना? काठाला नाही. काठाला लावलं की गाडी लाजती."

म्हणजे तुम्ही घरात बोलत होतात तर.

तिनं मधोमध ठिपका लावला, अगदी छोटा, गोल. मग तिथंच बसून ती रडली आणि मी तिच्या पाठीवर मनगट फिरवत राहिले, हात ग्रीसचे होते म्हणून. रडून झाल्यावर म्हणाली, "पुढं काय असतंय आता?"

पुढं पॅड, कॅलिपर, बोल्ट, चाक. ती पाने देत होती. सतराचा मागितला की एकोणीसचा द्यायची, पण देत होती. शेवटी स्कॅनरला सांगितलं, काम झालं. दोन्ही मोटरी एकदम घुर्र करून पुढं आल्या, डावीकडून तुमची, उजवीकडून माझी. शैला दचकली.

मी किल्ली घेतली तेव्हा ती म्हणाली, "कुणाला बोलवायचं ट्रायलला?"

"कुणाला नाही. बस तू. घरचं माणूस लागतं."

डाव्या बाजूच्या सीटवर ती बसली. मी उजवीकडे बसले, सीट पुढं घेतली. म्हटलं आता ही विचारणार, तुम्हाला गाडी येते का. तिनं पट्टा लावला आणि म्हणाली, "ताई, सिग्नलला बंद नका पाडू."

मी तिच्याकडे बघितलं.

"यांनी बघितलं होतं तुम्हाला. त्या शिकाऊ गाडीत. सिग्नलला बंद पडली होती म्हणे, मागं लय गाड्या लागल्या, सगळे हॉर्न वाजवत होते. त्यात यांचाबी होता. मग काचेतून तुम्हाला बघितलं आणि हॉर्न सोडला."

"आणि मला बोलले नाहीत?"

"घरी येऊन मला म्हणाले, वहिनी शिकताहेत, आपण विचारायचं नाही. विचारलं तर त्या ट्रायलला माझ्यासोबत यायच्या बंद होतील."

भाऊजी, चार वर्षं तुम्ही मला "शिका की, शिका की" म्हणत होतात. कान लाल झाले असतील, मी रस्त्याकडे बघत असेन.

मी पेडल दाबलं. पहिल्यांदा थेट खाली गेलं, नवे पॅड बसवले की जातंच. दुसऱ्यांदा जरा धरलं. तिसऱ्यांदा घट्ट लागलं. तीन वेळा दाबल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे तुम्ही मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, नट निवडत होते तेव्हा.

महिरावणीच्या पुढं रस्ता मोकळा होता. वेग वाढवला, कमी केला, परत वाढवला. चौथ्या वेळी तो करपट वास आला. शैलानं नाकाला पदर लावला आणि मग काढला. टपरीवर चहा घेतला. ती गाडीत बसूनच प्यायली, लोकांकडे न बघता. मी जगाबद्दल बोलले.

परतीला तो उतार आला. मागं पुढं कुणी नव्हतं. मी पूर्ण दाबला आणि हात सैल सोडले.

गाडी सरळ थांबली. डावीकडे ओढली नाही, उजवीकडे ओढली नाही.

शैला म्हणाली, "झालं?"

मला तुमचा आवाज ऐकू आला, परत घ्या वहिनी, एकदा थांबली म्हणजे काय ब्रेक झाला? म्हणून वळवून परत वर नेली, परत उतरवली, परत दाबला. तशीच सरळ थांबली.

मग मी तिसऱ्यांदा वर नेली. शैलानं का म्हणून विचारलं नाही. तिसऱ्यांदाची गरज नव्हती.